वेळेत विकलेली बोट

इंग्लंडात जुनी लाकडी मोटारबोट विकायला काढणारा माणूस जाहिरातीत बहुधा किमतीच्या आधी कारण लिहितो. वय झालं, गुडघे साथ देत नाहीत, जोडीदार गेला, मुलं लांब राहतात आणि त्यांना बोटीत रस नाही. एरवी वस्तू विकताना कारण कुणी सांगत नाही, विचारलं तरी टाळतात. इथे मात्र विकणाऱ्याला आधी हेच पटवून द्यायचं असतं की दोष बोटीचा नाही. ती चांगली आहे, मीच आता तिला पुरा पडत नाही.

या बोटींना तिकडे मोटर क्रूझर म्हणतात. साधारण तीस ते पन्नास फूट लांबी, पुढे झोपायच्या दोन-चार जागा, एका कोपऱ्यात स्वयंपाकाचा ओटा, छोटंसं शौचालय, आणि मध्ये काचांची खोली, जिथे उभं राहून चाक धरायचं. पहिल्या महायुद्धानंतर थेम्सच्या काठी राहणाऱ्या सुखवस्तू मध्यमवर्गानं अशा बोटी बांधून घ्यायला सुरुवात केली. हॅम्प्टनजवळच्या प्लॅट्स आयट या नदीतल्या बेटावर थॉर्निक्रॉफ्टचा कारखाना होता. स्कॉटलंडात रोझनीथला जेम्स सिल्व्हर यांच्या यार्डात जॉन बेन यांच्या आराखड्यांवरून बांधलेल्या क्रूझर आजही जाणकार लांबून ओळखतात. दुसऱ्या महायुद्धानंतर चर्टसीच्या बेट्स मंडळींनी महोगनीच्या 'स्टार क्राफ्ट' बोटी काढल्या. मग फायबरग्लास आलं. हिंकली हे समुद्रापासून शक्य तितकं लांब असलेलं गाव, पण तिथे फ्रीमन कंपनीनं साच्यातून बोटी काढून लॉरीवर चढवून देशभर पाठवल्या. ज्यांना शनिवार-रविवार नदीवर घालवायचा होता आणि हिवाळाभर रंगकाम करायचं नव्हतं, त्यांना ते सोयीचं वाटलं. लाकडी बोटींचा भाव उतरला आणि त्या खाडीच्या चिखलात, विलोच्या झाडांखाली, ताडपत्र्यांच्या आड पडून राहिल्या.

त्यातल्या काही जणींना कुणीतरी उचललं. दहा-दहा, वीस-वीस वर्षं घालून उभं केलं. आज ज्या विकायला येतात त्या याच पुनर्जन्म झालेल्या बोटी, आणि त्यांचे मालक आता सत्तरी ओलांडलेले.

माझं या लेखातलं म्हणणं असं की अशी बोट वेळेत विकणं हे तिच्या दुरुस्तीतलंच शेवटचं काम आहे. बहुतेक मालक ते उशिरा करतात. आणि बोटी वादळानं जितक्या जात नाहीत तितक्या या उशिरानं जातात.

*

आधी एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यामुळेच या क्रूझरना ब्रिटनच्या मनात खास जागा मिळाली.

१४ मे १९४० रोजी बीबीसीवरून नौदलाचा एक आदेश वाचला गेला. तीस ते शंभर फूट लांबीच्या, स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या खाजगी बोटींच्या मालकांनी चौदा दिवसांत आपल्या बोटीची माहिती कळवावी. आदेश निघाला तेव्हा डंकर्कची कुणाला कल्पना नव्हती, नौदलाला किनाऱ्याजवळच्या कामासाठी छोट्या बोटी हव्या होत्या. बारा दिवसांनी, २६ मे रोजी, फ्रान्सच्या किनाऱ्यावर डंकर्कला अडकलेलं सैन्य परत आणण्याची मोहीम सुरू झाली आणि ती यादी कामाला आली. टेडिंग्टनच्या टफ ब्रदर्स यार्डाचे डग्लस टफ थेम्सवर फिरून बोटी गोळा करत होते. गाद्या, चिनी मातीची भांडी, पडदे सगळं उतरवायचं, बोट तपासायची आणि नदीच्या मुखाकडे रवाना करायची. काही मालकांना आपली बोट गेल्याचं नंतर कळलं.

४ जूनपर्यंत ३,३८,२२६ माणसं परत आली. यातली बहुसंख्य, म्हणजे २,३९,५५५, डंकर्कच्या बंदरातून मोठ्या जहाजांवर चढली, आणि ९८,६७१ थेट किनाऱ्यावरून उचलली गेली. छोट्या बोटींचं खरं काम या दुसऱ्या आकड्यात आहे. उथळ पाण्यात वाळूपर्यंत जायचं, गळ्याएवढ्या पाण्यात उभ्या माणसांना ओढून घ्यायचं आणि खोल पाण्यातल्या जहाजापर्यंत पोचवायचं. नदीवर चहा पिण्यासाठी बांधलेल्या बोटींनी हे केलं. काही जणी थेट इंग्लंडपर्यंत माणसं भरून आल्या.

त्यातली सर्वांत प्रसिद्ध 'सनडाउनर'. तिचे मालक चार्ल्स लाइटोलर हे टायटॅनिकवरून वाचलेल्यांतले सर्वांत वरिष्ठ अधिकारी. १९१२ साली, म्हणजे टायटॅनिक बुडाली त्याच वर्षी, नौदलासाठी बांधलेली ही बोट. १९२९ मध्ये लाइटोलर यांनी तिचा सांगाडा विकत घेतला, लांबी वाढवून अठ्ठावन्न फूट केली, आणि तिची मोटारयॉट बनवली. आजच्या भाषेत बोलायचं तर तो एक रिस्टोरेशन प्रकल्पच होता. जुनं, टाकून दिलेलं सरकारी लाकूड घेऊन एका खलाशानं आपल्या कुटुंबासाठी बोट उभी केली. १९३९ च्या उन्हाळ्यात ते आणि त्यांची पत्नी सिल्व्हिया हौशी प्रवासी म्हणून तिच्यातून जर्मनीच्या किनाऱ्यावर हिंडले आणि ब्रिटिश नौदलासाठी टिपणं करून आणली. पुढच्या वर्षी नौदलानं बोट मागितली तेव्हा लाइटोलर यांनी ती खलाशांच्या हाती द्यायला नकार दिला. सहासष्ट वर्षांचा हा माणूस, मोठा मुलगा रॉजर आणि जेराल्ड अॅशक्रॉफ्ट हा तरुण सी स्काउट असे तिघे १ जूनला रॅम्सगेटहून निघाले आणि सुमारे १३० सैनिक घेऊन परतले. त्याआधी त्या बोटीत एकवीसपेक्षा जास्त माणसं कधी बसली नव्हती.

लाइटोलर १९५२ मध्ये वारले. 'सनडाउनर' त्यांच्यामागे अनेक हातांतून गेली आणि आज रॅम्सगेटला एका न्यासाकडे आहे. पण प्रत्येक बोटीला असा मालक आणि असा न्यास मिळत नाही. डंकर्कला गेलेल्या शेकडो बोटी बुडाल्या, नौदलात युद्ध संपेपर्यंत झिजल्या, किंवा युद्धानंतर सरकारी विक्रीत भलत्याच माणसांकडे गेल्या. नवा मालक नाव बदलायचा. नाव बदललं की इतिहास तुटायचा.

रेमंड बॅक्स्टर यांच्या बोटीच्या बाबतीत नेमकं हेच घडलं, आणि सुदैवानं उलटं फिरलं. युद्धात स्पिटफायर उडवलेले आणि पुढे बीबीसीच्या 'टुमॉरोज वर्ल्ड' कार्यक्रमामुळे घराघरांत पोचलेले बॅक्स्टर यांनी १९६० च्या दशकात 'लोराज' ही १९३८ ची तीस फुटी क्रूझर घेतली. ती डंकर्कला गेली होती हे त्यांना नंतर कळलं. मग अशा आणखी किती असतील हा प्रश्न आला. त्यांनी हाक दिली, आणि १९६५ साली, पंचविसाव्या वर्षी, ४३ बोटी पुन्हा इंग्लिश खाडी ओलांडून डंकर्कला गेल्या. त्यातूनच डंकर्कच्या छोट्या बोटींची संघटना उभी राहिली. दर पाच वर्षांनी त्या पुन्हा जातात. २०२० ची फेरी कोविडमुळे राहिली, २०२५ ची झाली.

ही संघटना ज्या बोटींना मान्यता देते त्यांच्यावर 'डंकर्क १९४०' अशी पितळी पट्टी असते. पट्टी बोटीची. मालक बदलला तरी ती जागेवर राहते. संघटनेचा झेंडाही आहे, सेंट जॉर्जचा लाल क्रॉस आणि त्यावर डंकर्क शहराचं चिन्ह. तो मालक बोटीवर असताना फडकतो. माझ्या मते या दोन नियमांत जुनी बोट विकण्याचं सगळं शहाणपण आलं. काय बोटीबरोबर जायचं आणि काय माणसाबरोबर, हे त्यांनी आधीच वेगळं करून ठेवलं आहे.

*

आता लाकडाकडे वळू, कारण उशीर का घातक ठरतो हे तिथेच समजतं.

लाकडी क्रूझरचा कणा आणि बरगड्या बहुधा ओकच्या, फळ्या पिचपाइन किंवा महोगनीच्या, डेक जमलं तर सागवानी. फळ्या बरगड्यांना तांब्याच्या खिळ्यांनी जोडलेल्या. खिळा बाहेरून ठोकायचा, आत त्यावर तांब्याची छोटी चकती बसवायची आणि टोक त्यावर चेचायचं. या कामाला दोन माणसं लागतात, एक बाहेर धरणारा आणि एक आत चेचणारा. एका बोटीत असे हजारो जोड असतात. दोन फळ्यांमधल्या फटीत कापसाची वात ठोकून भरतात आणि वरून लांबी लावतात.

पाणी लाकडाचा शत्रू, हा समज अर्धाच खरा आहे. समुद्राचं खारं पाणी लाकूड टिकवतं. कुजवतं ते पावसाचं गोडं पाणी. डेकच्या एखाद्या सांध्यातून थेंब थेंब आत येतं, केबिनच्या छतातल्या तुळईच्या टोकाशी साठतं, वारा नसतो म्हणून सुकत नाही. लाकडातला ओलावा विसेक टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी धरते. बाहेरून रंग चकचकीत असतो, आत बोट दाबलं की भुगा. तळाची फळी, जी कायम पाण्यात असते, ती त्या मानानं सुरक्षित. धोका पाण्याच्या वर असतो, केबिनच्या कोपऱ्यांत आणि मागच्या बाजूच्या आडव्या फळ्यांच्या टोकांना, जिथे रोजच्या वापरात कुणाचं लक्ष जात नाही.

यावर उपाय एकच, बोट वापरणं. माणूस आत आला की दारं-खिडक्या उघडतो, वारा खेळतो, स्टोव्ह पेटतो, तळाचं पाणी उपसलं जातं, गळती लगेच दिसते. इंजिन महिन्यातून एकदा गरम झालं की त्याच्या पाण्याच्या नळ्या गंजून बुजत नाहीत. बोट पाण्याबाहेर काढून उन्हाळाभर उभी ठेवली तर फळ्या आक्रसतात आणि फटी उघडतात. मग पुन्हा पाण्यात सोडली की ती चाळणीसारखी गळते, आणि फळ्या फुगून फटी बंद होईपर्यंत क्रेनच्या पट्ट्यांवर धरून, पंप चालू ठेवून, कधी दोन-दोन दिवस काढावे लागतात. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या बोटीचं लाकूड इतकं वाकतं की फटी बंद होतच नाहीत.

कोकणातलं बंद घर ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं समजावायला नको. घरावर सगळ्यांचं प्रेम असतं, कुणीच विकायला तयार नसतं, आणि गणपतीला चार दिवस उघडणाऱ्या त्या घराचा वासा दर पावसाळ्यात थोडा खाली येतो.

मालक थकतो तो एकदम नाही. आधी लांबचे प्रवास बंद होतात, मग रात्रीचा मुक्काम, मग फक्त रविवारी जाऊन बसणं उरतं. रंगकाम एका वर्षावरून दोन वर्षांवर जातं. या टप्प्यावर बोट अजून चांगली असते आणि मालकाच्या मनात ती विकायचा विचार येऊन गेलेला असतो. तो म्हणतो, पुढच्या वर्षी डेक नीट करून मग विकू. माझ्या मते विकण्याची वेळ नेमकी तीच, डेक नीट व्हायच्या आधीची. कारण तिथून पुढे डेक नीट होत नाही.

*

पैशाचा हिशोब इथे मांडावाच लागतो. रिस्टोअर केलेल्या लाकडी क्रूझरची विक्रीची किंमत तिच्यावर झालेल्या खर्चाला क्वचितच पुरते. यार्डातल्या सुताराची मजुरी, ओकची नवी बरगडी वाफेनं वाकवून बसवणं, कण्याचे बोल्ट बदलणं, सगळ्या तारा नव्या टाकणं या प्रत्येक कामाचं बिल स्वतंत्र असतं. त्यात मालकाचे स्वतःचे तास धरले तर हिशोब जुळूच शकत नाही. घेणारा उद्याच्या खर्चाकडे बघून पैसे देतो, कालच्या नाही. जागेचं भाडं, विमा, दर हिवाळ्याचं काम, या सगळ्याची त्याला धास्ती असते, आणि ती रास्त आहे.

म्हणून विकणाऱ्यानं किंमत लावताना बिलांची फाइल समोर ठेवू नये, ती घेणाऱ्याच्या हातात द्यावी. ती फाइल बोटीचा सर्वांत मौल्यवान भाग आहे. कुठली फळी कोणत्या साली बदलली, कोणत्या लाकडाची, जुनं लाकूड उघडलं तेव्हा आत काय दिसलं, त्याचे फोटो. नॅशनल हिस्टॉरिक शिप्स यूके या संस्थेनं ऐतिहासिक नौकांच्या जतनाविषयी मार्गदर्शिका काढली आहे. तिचं सारही हेच की प्रत्येक बदलाची नोंद ठेवा. बोट जुनी कितपत उरली आणि नवी किती झाली हा वाद कधी संपत नाही. १९३५ च्या बोटीत मूळचं पेट्रोल-पॅराफिन इंजिन आज ठेवलं तर ती शुद्ध, पण तेवढ्यासाठी दर दोन तासांनी झगडावं लागतं. बहुतेकांनी युद्धानंतर बीएमसी किंवा पर्किन्सची डिझेल इंजिनं बसवली आणि त्या बोटी त्यामुळेच चालत्या राहिल्या. मला हा बदल खटकत नाही. लपवलेला बदल खटकतो. नवीन फळीवर जुना रंग चढवून ती मूळची म्हणून दाखवणं हा बोटीच्या इतिहासावरचा घाला आहे, मग किंमत कितीही चांगली आलेली असो.

व्यवहार पक्का होण्याआधी सर्व्हे होतो. ज्याचा बोटीवर जीव आहे त्याला तो दिवस पाहवत नाही. घेणाऱ्यानं साधारण दहा टक्के इसार भरलेला असतो, सर्व्हेवर अवलंबून. बोट क्रेननं किंवा घसरगाडीवरून पाण्याबाहेर येते. सर्व्हेअर हातात छोटी हातोडी घेऊन पुढच्या टोकापासून सुरुवात करतो आणि फूटभर अंतरानं ठोकत जातो. निरोगी लाकूड टणक वाजतं, कुजलेलं बद्द. शंका आली की टोकदार सुई आत दाबतो. कण्याचे एक-दोन बोल्ट काढून बघायचं म्हणतो, कारण बाहेरून नीट दिसणारा लोखंडी बोल्ट ओकच्या आंबट रसानं मध्येच पेन्सिलीएवढा झालेला असू शकतो. पाण्याखालच्या पितळी-कांस्य भागांजवळ जस्ताचे तुकडे लावलेले असतात, वीज-रासायनिक झीज त्यांनी आधी सोसावी म्हणून. ते संपलेले असतील तर बोट ढकलणाऱ्या पंख्याचा, म्हणजे प्रोपेलरचा, रंग बघायचा. गुलाबी दिसला की धातूतलं जस्त निघून गेलंय.

मालक बहुधा जवळच उभा असतो आणि प्रत्येक ठोक्याला त्याला उत्तर द्यावंसं वाटतं. उत्तर देऊ नये. ज्या जागी दोष आहे हे आपल्याला माहीत आहे ती जागा सर्व्हेअर येण्याआधी आपणच दाखवावी. जाहिरातीतच लिहावी. डाव्या बाजूची तिसरी फळी दोन वर्षांत बदलावी लागेल, असं ज्यानं आधी सांगितलं, त्याच्या पुढच्या सगळ्या बोलण्यावर घेणारा विश्वास ठेवतो. आणि जी बोट पुढची पंचवीस वर्षं पाण्यात राहायला हवी तिच्या बाबतीत विश्वास हा भावनेचा विषय नाही. नव्या मालकाला ती फळी वेळेत माहीत नसेल तर बोट बुडते.

आतल्या नद्यांवर चालवायला दर चार वर्षांनी सुरक्षा-प्रमाणपत्र घ्यावं लागतं. गॅस, इंधन, विजेच्या तारा, आग यांची ती तपासणी. अनेक नवखे खरेदीदार ते पाहून बोट ठणठणीत आहे असं समजतात. लाकडाविषयी ते प्रमाणपत्र काहीच म्हणत नाही. प्रामाणिक विक्रेत्यानं हे स्वतःहून सांगावं.

*

कागदांत मला सर्वांत जास्त भावते ती चौसष्ट हिश्श्यांची पद्धत. ब्रिटनच्या जहाज-नोंदणीच्या पहिल्या भागात नोंदवलेल्या बोटीची मालकी कायद्यानं चौसष्ट हिश्श्यांत वाटलेली असते. एकच मालक असला तरी त्याच्याकडे चौसष्टपैकी चौसष्ट हिस्से आहेत अशी नोंद होते, आणि खरेदीखतावरही तसंच लिहिलं जातं. बोटीचा अधिकृत क्रमांक आणि टनेज मुख्य तुळईवर कोरलेलं असतं. रंगवलेलं पुसलं जातं, नाव बदललं जातं, पण तुळईवरचा कोरीव आकडा शोधला तर बोटीचा जन्म, आधीचे मालक आणि आधीची नावं बहुधा सापडतात. चिखलातून काढलेल्या कित्येक अनोळखी बोटींची ओळख तुळईवरचे रंगाचे थर खरवडल्यावर पटली आहे.

याशिवाय ऐतिहासिक नौकांची राष्ट्रीय नोंदवही आहे. ब्रिटनमध्ये बांधलेली, पन्नास वर्षांहून जुनी, तेहतीस फुटांहून लांब आणि बऱ्यापैकी मूळ स्वरूपात असलेली नौका तिच्यात जाऊ शकते. पण एक गोष्ट वाचकांना आश्चर्याची वाटेल. वारसा-इमारतीला कायद्याचं जे संरक्षण असतं ते या नोंदीनं मिळत नाही. नोंदवहीतली बोट मालक उद्या तोडू शकतो. तिला वाचवणारा कायदा नाही, सरकार नाही. असतो तो फक्त पुढचा मालक.

पुढचा मालक मिळणं आणि न मिळणं यात किती अंतर असतं हे मुंबईला दोन वेळा कळलं आहे.

मुंबई डॉकयार्डात वाडिया घराण्यातल्या जमशेटजी बोमनजी यांनी मलबारी सागवानातून बांधलेली 'ट्रिंकोमली' ही फ्रिगेट १८१७ मध्ये पाण्यात उतरली. १८९७ साली ती भंगारात विकली गेली. तोडायच्या आधी जेफ्री व्हीटली कॉब या गृहस्थानं ती विकत घेतली, मुलांना समुद्राचं शिक्षण देण्यासाठी. पुढे जवळपास नव्वद वर्षं ती 'फूद्रोयाँ' या नावानं तेच काम करत राहिली. १९८७ नंतर हार्टलपूलला नेऊन तिचं मोठं जतनकाम झालं, मूळ नाव परत मिळालं, आणि पाण्यावर तरंगणारी ब्रिटनची सर्वांत जुनी युद्धनौका म्हणून ती आज तिथे आहे. मुंबईच्या सुतारांचं लाकूड दोनशे वर्षांनी तरंगतंय, कारण १८९७ मध्ये एका माणसाला तिचा उपयोग दिसला.

दुसरी 'विक्रांत' ही विमानवाहू नौका. टाइन नदीकाठी १९४३ मध्ये तिचं बांधकाम सुरू झालं, भारतानं ती अपूर्ण अवस्थेत १९५७ ला घेतली, १९६१ मध्ये ती नौदलात आली. १९९७ ला निवृत्ती. काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून लोक तिच्यावर गेले. मग देखभालीचा खर्च कोण करणार यावर वर्षं गेली, २०१२ मध्ये संग्रहालय बंद झालं, २०१४ च्या लिलावात ती सुमारे साठ कोटींना भंगारवाल्याकडे गेली आणि मुंबईच्या दारूखाना भागात तोडली गेली. तिच्यावर प्रेम करणाऱ्यांची संख्या कमी नव्हती, याचिका झाल्या, मोर्चे झाले. सगळ्यांना ती हवी होती, पण दर महिन्याला तिचा गंज खरवडायची जबाबदारी घेणारा मालक वेळेत उभा राहिला नाही. विमानवाहू जहाज आणि चाळीस फुटी क्रूझर यांच्यात आकाराचा फरक आहे, मरण्याची पद्धत एकच.

*

मग कुणाला विकावी?

सध्या अशा बोटींना दोन तऱ्हेचे खरेदीदार येतात. लंडनमधली घरं इतकी महाग झाली आहेत की अनेक तरुणांना बोट हे राहण्याचं स्वस्त ठिकाण वाटतं. त्यांची गरज खरी आहे आणि तिचा अनादर करू नये. पण कायमच्या मुक्कामाची जागा नदीवर मिळणं फार कठीण. जागा नसली की बोट इकडून तिकडे सरकत राहते, इंजिन फक्त बॅटरीपुरतं चालतं, केबिनमध्ये कपडे वाळतात, आणि ओलावा आतून लाकडात जातो. पुढे भिंती पाडून मोठी खोली केली जाते आणि बोटीची ताकद ज्या आडव्या फळ्यांत होती त्याच निघून जातात. तरीही, ज्या तरुणानं आधी जागा पक्की केली आहे आणि हातात रंधा धरायची ज्याला हौस आहे, तो मला कुठल्याही श्रीमंत संग्राहकापेक्षा बरा वाटतो.

दुसरा खरेदीदार फोटोंवर भाळलेला. वार्निशचा महोगनी रंग, पितळी दिवे, हेन्लीच्या मेळ्यात बोटींच्या रांगेत मिरवायचं चित्र. त्याच्याकडे पैसा असतो आणि तो घासाघीस करत नाही. त्याला एक गोष्ट विचारावी: हिवाळ्यात बोट कुठे असेल आणि तिच्यावर कोण काम करेल? यार्डाचं नाव सांगता आलं तर विकावी. नाही आलं तर थांबावं, कारण तीन वर्षांत तीच बोट अधिक वाईट अवस्थेत पुन्हा बाजारात येईल.

विक्रेत्यानं कमी किमतीच्या पण जागा आणि यार्ड ठरलेल्या खरेदीदाराला बोट दिल्याची उदाहरणं या व्यवहारांत दुर्मीळ नाहीत. काही बोटी तर एका पौंडाला दिल्या जातात. बाहेरच्याला हा वेडेपणा वाटेल. ज्यानं त्या बोटीच्या आत उताणं पडून एकेका खिळ्यावर चकती बसवली आहे त्याला तो सरळ हिशोब वाटतो. त्याचे तास बोटीत आहेत, बोट राहिली तर ते राहतात.

दलालामार्फत विक्री झाली तरी हस्तांतर दलालावर सोडू नये. एक पूर्ण दिवस द्यावा, शक्य तर दोन, आणि बोट प्रत्यक्ष चालवून द्यावी. थंडीत इंजिन सुरू होण्याआधी किती वेळ हीटर दाबून धरायचा. मागे घेताना ती कोणत्या बाजूला ओढते, कारण एकाच पंख्याची प्रत्येक बोट मागे जाताना एका बाजूला खेचते आणि धक्क्याला लावताना तेच उपयोगी पडतं. पाण्याचा कुठला झडप-नळ उलटा फिरतो. डेकचा कोणता सांधा मोठ्या पावसात पाझरतो आणि त्याखाली भांडं कुठे ठेवायचं. रंगाचे उरलेले डबे, सुट्या चाव्या, जुने नकाशे, आधीच्या मालकांची पत्रं, सगळं बोटीतच ठेवावं. चांगले विक्रेते हे वहीत लिहून देतात. वहीचं पहिलं पान बहुधा तळाच्या पंपाविषयी असतं. तो पंप कुठे आहे हे दाखवून, हातानं चालवून बघायला लावून, मगच खरेदीखतावर सही करावी. विमा त्याच दिवशी, त्याच तासाला नव्या नावावर सुरू व्हायला हवा, मधली एक रात्रही नको.

आणि पहिल्या हिवाळ्यात फोन येईलच, बहुधा रात्री, गळतीविषयी. तो घ्यावा. जुन्या मालकाला माहीत असतं की पाणी कुठून येतंय.